ढिसाळेचा प्रोग्राम, तुरतुरेचं डोकं

"पाच मिनिटांचं काम!" अंबादास आजोबा म्हणाले. "ढिसाळेचा प्रोग्राम उचलायचा आणि तुरतुरेत टाकायचा. चहा गार व्हायच्या आत रोपांना पाणी."

ढिसाळे हा चंद्रावरच्या चांद्रवाडी वस्तीतला पाणी घालणारा जुना रोबो. तो आज सकाळी कायमचा बंद पडला. तुरतुरे नवा कोरा. मधल्या मधे आजोबांच्या नातीची, इराची, वांग्याची रोपं माना टाकायला लागली होती. दुपारपर्यंत पाणी नाही, तर रोपं नाहीत.

चहा गार झाला. तुरतुरेच्या पडद्यावर दोनशेच्या वर चुका होत्या.

"आबा, ढिसाळेत तर नीट चालायचा हा!"

"त्याचं यंत्र वेगळं, बाळा. आपण लिहितो ते कंपायलर (यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाषा) त्याला समजावून देतो. हा नवा दुभाषा जरा खडूस आहे."

आजोबांनी शेवटची चूक दुरुस्त केली. चुका वाढल्या.

"अहो, सगळ्यात वरची बघा ना," इरा म्हणाली.

वरची चूक साधी होती: 'पंप' म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नव्हतं. पंपाची ओळख करून देणारी फाइल ढिसाळेतच राहिली होती. ती आणली आणि बाकीच्या चुका एकदम गेल्या. त्या सगळ्या पंप न कळल्यामुळेच होत्या.

"बघितलंस?" आजोबांनी कॉलर ताठ केली.

"पाणीमाप, आवृत्ती दोन, सापडत नाही," तुरतुरे म्हणाला आणि थांबला.

"आता हे काय?" इराने विचारलं.

"सामायिक लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती तयार कामांची पेटी). सोसायटीची मोठी पातेली असतात ना? कार्य निघालं की कुणी नवं पातेलं घेत नाही, सोसायटीचं आणतात. प्रोग्रामही तसंच करतो. पण इथे आवृत्ती तीनचं पातेलं आहे, याला हवं दोनचं."

"मग?"

"मग काय! तीनवर दोनचं लेबल लावू."

तुरतुरेला हवं ते नाव सापडलं. त्याने पहिल्या रोपाला पाच लिटर पाणी घातलं. आवृत्ती दोन पाणी चमच्यांत मोजायची, आवृत्ती तीन मात्र लिटरमध्ये. रोप भिंतीला जाऊन चिकटलं.

इराने धावत जाऊन स्विच बंद केला. "आबा! लेबल बदललं म्हणून पातेलं लहान होतं का?"

"बरं, मग खरी आवृत्ती दोनच आणू. तीन काढून तिच्या जागी ठेवू."

"आणि दरवाजे? स्वयंपाकाचा रोबो? ते सगळे आवृत्ती तीनच वापरतात. त्यांनी काय करायचं? आवृत्ती दोन वेगळी ठेवू, याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये. आणि याला सांगू, आधी घरात शोध, मग सोसायटीत."

 टाइप मात्र आजोबांनीच केलं.

या वेळी प्रत्येक रोपाला पाच चमचे पाणी मिळालं. भिंतीवरचं रोपसुद्धा इराने परत कुंडीत लावलं. थोड्या वेळाने एकेकाची मान वर यायला लागली.

"हा प्रोग्राम मंगळावर न्यायचा झाला, तर मी आधी तिथली पातेली बघून येईन," इरा म्हणाली.

"जा जा, बघून ये," म्हणत आजोबांनी खाटेवर अंग टाकलं.

काम संपल्यावर टाकीतलं उरलेलं पाणी नेहमीच्या जागी ओतायचं, असं प्रोग्राममध्ये शेवटी लिहिलेलं होतं. ती जागा ढिसाळेच्या वेळची. तेव्हा तिथे पिंप असायचं, आता तिथे खाट होती.

तुरतुरेने पाणी ओतलं.