खिळ्यावरचे पट्टे

बाबांच्या जुन्या, बुटक्या गाडीला गिअर नव्हते. पुढे किंवा मागे जायला एकच दांडा, आणि खाली मागच्या चाकांना फिरवणारे दोन रबरी पट्टे. एक तुटला तरी दुसऱ्यावर घरी येता येतं, हे बाबा येईल त्याला ऐकवत.

आई वारून वर्ष झालं, तरी ते रोज दुपारी तिला कपड्यांच्या कारखान्यातून आणायला निघत. डोळ्यांना धड दिसत नव्हतं. दोनदा गाडी फुटपाथवर चढली. दादा फोनवर म्हणाला, "विकून टाक की." त्याचं काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. निस्तरायला मी होतेच.

शेवटी गाडीखाली शिरून मी दोन्ही पट्टे काढले आणि गॅरेजमधल्या खिळ्याला अडकवले. हे काम मला बाबांनीच शिकवलेलं. ते दारात उभे राहून बघत होते.

"एक तरी ठेवायचास."

"कशाला? पुन्हा निघायला?"

"परत यायला," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेज झाडायला गेले, तर मागच्या चाकांपाशी रबराची काळी भुकटी. पट्टे फिरले की पडते तशी. जुनीच असेल, म्हटलं. मग एका सकाळी गाडीचं तोंड दाराकडे दिसलं. बाबा ती नेहमी तोंड आत करून लावत, आणि तेवढ्याशा जागेत ढकलून ती वळवणं शक्यच नव्हतं. नंतर एकदा चालकाशेजारची सीट पुढे सरकलेली दिसली. आई ठेंगणी, रस्ता दिसावा म्हणून सीट अगदी काचेपाशी ओढून बसायची.

"बाबा, गाडी कोण हलवतंय?"

"आता तुझी आईच येते मला न्यायला. माझं आवरलेलं नसतं, म्हणून परत जाते."

मला भीती वाटायला हवी होती. राग आला. वर्षभर यांचं जेवणखाण, औषधपाणी मी बघायचं आणि यांचा जीव सगळा तिच्यात.

"मग मी कोण?"

त्यांनी नुसता चष्मा पुसला.

आज दुपारी मी बाजारातून आले, तर घराचं दार उघडं. बाबांचे जोडे जागेवर नव्हते.

गॅरेज रिकामं होतं.

फरशीवर काळ्या भुकटीच्या दोन रेघा, बाहेरपर्यंत गेलेल्या.

पट्टे खिळ्यालाच होते. दोन्ही.

हात लावला आणि चटका बसला.

पदरात धरून ते खाली काढले आणि मांडीवर घेऊन दारात बसले. रस्त्याकडे बघत राहिले. हळूहळू ते गार पडत गेले.