टेबलपाहणी

ही घटना खरी आहे. ज्यांच्यावर ती गुदरली ते माझे सख्खे मामा आहेत, आणि थट्टेतसुद्धा खोटं बोलताना त्यांचे कान लाल होतात.

आयुष्यात एकदाच त्यांनी कान लाल न होऊ देता खोटं केलं. कारण ते त्यांनी बोलून केलं नाही. लिहून केलं.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे ती नाही. जे घडलं ते भर दुपारी, डोक्यावर पंखे फिरत असताना, माणसं कामावर असताना घडलं.

तारीख नऊ. दुपारचे तीन वाजून पस्तीस मिनिटं. जागा, गाद्या-उशांचा एक कारखाना.

आणि त्या वेळी मामा तिथे...

नव्हते.

मामा नगरपालिकेच्या परवाना खात्यात पाहणी अधिकारी होते. कारखान्यात जायचं, आग विझवायची साधनं आहेत का, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या आहेत का ते पाहायचं, अहवाल लिहायचा. अहवाल बरा असला तर परवाना पुढे चालू. नसला तर दाराला सील. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही पाकिटाला हात लावला नव्हता. थोरला कारकून चिडवायचा, "पाण्यात राहून कोरडे राहिलात साहेब. तुम्हाला संग्रहालयात ठेवायला पाहिजे!"

मग मामीच्या किडन्या निकामी झाल्या.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाटेत दोन बस बदलायच्या. एकदा परतताना मामी बसच्या दांड्याला धरून उभी होती, ती उभ्याउभ्याच खाली बसली. ही गोष्ट गादीवाल्या मालकांच्या कानावर कोणी घातली कोण जाणे. पुढच्या डायलिसिसच्या वारी त्यांची गाडी दारात उभी.

"साहेब, वहिनींना बसने नेता? ही गाडी नुसती पडून असते हो. माणुसकी म्हणून म्हणतोय, दुसरं काही मनात आणू नका."

मामांनी दुसरं काही मनात आणलं नाही. म्हणजे, आणायचं नाही असं ठरवलं.

सात महिने गाडी येत राहिली. मालकांनी एका शब्दानेही काही मागितलं नाही. आठव्या महिन्यात त्यांच्या परवान्याचं नूतनीकरण आलं.

त्याच आठवड्यात खात्याच्या पेटीत एक निनावी चिठ्ठी पडली. पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत. 'मागच्या दाराला कुलूप असते. चावी मालकाकडे. आम्ही चाळीस बाया आत.'

मामांनी मालकांना विचारलं. मालक हसले. "उशा पाय फुटल्यासारख्या बाहेर जातात साहेब, म्हणून कुलूप. काढतोच आता. तुम्ही कशाला त्या धुरळ्यात येता? वहिनींचा वार आहे ना नऊ तारखेला?"

खात्यात या प्रकाराला एक शब्द होता. टेबलपाहणी. खुर्ची न सोडता कारखाना पाहायचा. त्याचेही नियम होते; ते थोरल्या कारकुनाने शिकवले.

"वेळ कधी गोल लिहू नका. तीन लिहिलं की खोटं वाटतं. तीन पस्तीस लिहा. माणूस गेल्यासारखा वाटतो."

मामांनी लिहिलं. 'दि. ९, दुपारी ३.३५. प्रत्यक्ष पाहणी केली. मागील दार खुले. वाट मोकळी.'

मामीचे वार दुपारचेच असत. म्हणून त्या महिन्याचे उरलेले अहवालही त्यांनी त्याच बैठकीत, पुढच्या तारखा घालून, उरकून टाकले.

नऊ तारखेला तीन पस्तीसला मामा हॉस्पिटलात होते. मामीच्या उशाशी.

एकोणीस तारखेला त्या कारखान्याला आग लागली.

फोम पेटायला वेळ लागत नाही. बहुतेक बायका पुढच्या दाराने निघाल्या. सात जणी मागच्या दाराकडे धावल्या.

कुलूप शाबूत होतं.

चौकशीसाठी मामांना जळक्या कारखान्यावर बोलावलं, त्या सकाळी ते मामीला म्हणाले, "खरं काय ते सांगून टाकतो. नोकरी जाईल. तुझा उपचार खात्याच्या जिवावर चाललाय..."

मामीने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. "माझं मी बघेन. सांगा तुम्ही."

फाटकाशी वॉचमन उभा होता. मामांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याने मात्र सलाम ठोकला.

"ओळखलं नाहीत ना साहेब? नऊ तारखेला आलात तेव्हाही एक शब्द बोलला नाहीत."

मालकाने पढवून ठेवलेला दिसतो, मामांना वाटलं.

मग त्याने फाटकावरची वही उघडली.

मामांची सही. ते सहीखाली दोन टिंबं देतात. दुसरं नेहमी जरा लांब पडतं.

तेही लांब पडलं होतं...

'आत' या रकान्यात ३.३५. 'बाहेर' या रकान्यात काहीच नाही.

"तुम्हाला जाताना मी पाहिलंच नाही," वॉचमन म्हणाला. "म्हटलं, मागच्या दाराने गेले असतील."

मागच्या दाराने...

त्या दुपारी मामा हॉस्पिटलच्या जळितांच्या वॉर्डात गेले. कारखान्याची मुकादमीण तिथे होती, चाळीस बायकांवर देखरेख करणारी. डोळे आणि ओठ सोडले तर सगळी पांढऱ्या पट्ट्यांत. मामा पायथ्याशी उभे राहिले. माफी कुठून सुरू करायची ते त्यांना कळेना.

तीच बोलली. "आलात दादा? त्या दिवशी पाणी दिलं तुम्हाला. तसंच ठेवून गेलात."

"बाई, मी... मी आलोच नव्हतो."

"असं कसं? मागच्या दाराशी उभे होता की. मी म्हटलं, दादा, चिठ्ठी माझीच आहे. एवढं कुलूप काढायला सांगा. तर तुम्ही मान हलवलीत."

मामांनी खाटेचा दांडा धरला.

"मी सगळ्यांना सांगितलं, साहेबांनी बघितलंय, आता दार उघडं असणार." तिचे डोळे छताकडे वळले. "म्हणून तर त्या तिकडे धावल्या हो..."

तिचा जबाब घ्यायला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याआधीच ती गेली होती.

मामा चौकशी अधिकारी बाईंसमोर बसले आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, गाडी, टेबलपाहणी. काही हातचं राखलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. "पैसे घेतलेत?"

"नाही. गाडी."

"आजारी माणसाला गाडी कोणीही देतं. तुमची सही आहे, वॉचमनची साक्ष आहे. तुम्ही गेलात, दार उघडं होतं, नंतर मालकाने कुलूप घातलं. सरळ आहे. गेलो म्हणून खोटं सांगणारे पुष्कळ पाहिले. नाही गेलो म्हणून भांडणारे तुम्ही पहिलेच."

"माझ्या बायकोला विचारा. मी तिच्याजवळ होतो."

मामीला विचारलं. मामी खोटं बोलली नाही. "मला झोप लागली होती हो बाई. डोळे उघडले तेव्हा हे समोर होते. मधलं नाही सांगता यायचं."

मामा निर्दोष सुटले.

खात्यात थोरल्या कारकुनाने पाठीवर थाप मारली. "सुटलात साहेब! तीन पस्तीसने वाचवलं बघा."

आठ बायका गेल्या होत्या. शिक्षा मागायला गेलेल्या माणसाला कोणी शिक्षासुद्धा देईना.

तीस तारखेला मामीचा वार होता. गाडी बंद झाली होती; दोघं बसने आली. मामीला यंत्र जोडलं, मामांनी स्टूल ओढलं. समोरच्या भिंतीवर दिनदर्शिका होती. तिच्याकडे पाहता पाहता...

ते ताडकन उठले.

आगाऊ लिहिलेल्या अहवालांपैकी शेवटचा. 'दि. ३०, दुपारी ४.१०. मेणबत्त्यांचा कारखाना. मागील दार खुले. वाट मोकळी.'

तो कारखाना गादीवाल्यांच्या मेहुण्याचा होता. ते दार उघडं आहे की नाही, मामांना माहीतच नव्हतं. आणि आज चार दहाला तिथे कोणीतरी येणार होतं. मान हलवणार होतं. बायका निर्धास्त होणार होत्या.

"मला जायला हवं," मामा म्हणाले. "तो पोचायच्या आत."

"कोण तो?" मामीने त्यांचा हात घट्ट धरला. "आज नको हो. आज मला कसंसंच होतंय. एकटीला भीती वाटते."

"तासाभरात येतो."

"कान बघा तुमचे. लाल झालेत."

मामांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि धावत सुटले.

मेणबत्त्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी ते पोचले तेव्हा घड्याळात चारला वीस कमी होते. अर्धा तास हातात होता. मामांनी श्वास घेतला.

वॉचमनच्या हातातला कप तोंडाशीच राहिला.

"साहेब... तुम्ही तर आत्ताच आत गेलात."

मामांनी वही ओढून घेतली. सही. दोन टिंबं. 'आत: ४.१०.' शाई अजून ओली होती.

आत वितळलेल्या मेणाची ऊब कोंडली होती. तीसेक बायका साच्यांवर वाकल्या होत्या. एकीने मान वर केली.

"परत आलात? काही विसरलं का?"

"मी मघाशी काय म्हणालो?"

"काही नाही. मान हलवलीत."

"ऊन लागलंय साहेबांना," दुसरी पुटपुटली आणि दोघीतिघी फिसकन हसल्या.

"मी गेलो कुठे?"

हसू थांबलं. पहिलीने मागच्या बाजूला बोट दाखवलं.

मागे दार नव्हतंच. होती ती छतापर्यंत रचलेली मेणाची पोती. मुंगी जाईल एवढी फट नव्हती. माणूस तिथून...

मामांनी पहिलं पोतं ओढलं. मग दुसरं. मालक धावत आला. "साहेब, हे काय करताय? मघाशी तर तुम्ही सगळं ठीक..."

"मघाशी मी नव्हतो!" मामा ओरडले. सव्वीस वर्षांत ते कोणावर ओरडले नव्हते. "मी आत्ता आलोय! आत्ता!"

ते पोती ओढत राहिले. सदरा खांद्यावर फाटला, नखं तुटली. मालक कोणाला तरी फोन लावत होता. बायका बघत होत्या. मग एका वयस्क बाईने हात पुसले आणि पुढच्या पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"उचला," ती म्हणाली.

मग चौघी आल्या. मग सगळ्याच.

पोत्यांमागे लोखंडी दार निघालं. कडी गंजून घट्ट बसली होती. मामांनी कोपऱ्यातल्या पहारीचे घाव घातले, सहा, सात... आणि दार उघडलं. पलीकडे एक साधा बोळ. ऊन. वाळत घातलेले कपडे. बाकी कोणीही नाही.

भिंतीवरच्या घड्याळात चार दहा झाले होते.

मामा त्या उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. मग त्यांनी खिशातून कागद काढून तिथेच खरा अहवाल लिहिला.

हॉस्पिटलात परतायला त्यांना सहा वाजले. मामीचं यंत्र काढून झालं होतं. ती उशीला टेकून बसली होती. चेहरा शांत. मामा क्षमा मागणार, तोच ती म्हणाली,

"बरं झालं बाई, गेला नाहीत ते."

मामा दारातच थबकले.

"जातो म्हणून वळलात काय, आणि दारातूनच परत आलात काय! सगळा वेळ हात धरून बसलात. एवढा राग का हो माझा? एक शब्द बोलला नाहीत. काही विचारलं की नुसती मान हलवायचात..."

मामा खाटेजवळ आले.

"ताप आहे का अंगात? केवढा तापला होता हात. भाजत होता अगदी. पण मी सोडला नाही. म्हटलं, आधीच घाबरलेत, त्यात मी कुठे सोडू."

चादरीवर तिचं मनगट होतं. मामांनी ते पाहिलं आणि हळूच वरून चादर ओढली.

खरा अहवाल लिहिल्यावर आठवड्याभरात मामांना निलंबनाचं पत्र आलं. मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल. ते त्यांनी सही करून घेतलं. मेणबत्त्यांचा कारखाना चालू आहे. तिथे काही झालेलं नाही. कदाचित होणारही नव्हतं.

मामीला अजून वाटतं, ते मामाच होते. एवढी एक गोष्ट मामांनी तिला खरी सांगितलेली नाही. मीही सांगणार नाही.

पण परवा मी तिला भेटायला हॉस्पिटलात गेलो होतो. मामा औषध आणायला खाली गेले होते. यंत्र चालू होतं, मामीचे डोळे मिटलेले. मनगटावरचे वळ मी पहिल्यांदाच जवळून पाहिले. चार बोटं, एक अंगठा. फोड केव्हाच बरे झालेत. खुणा जात नाहीत.

तो हात तिने पालथा, चादरीच्या कडेवर ठेवला होता. कोणीतरी धरावा असा.

मी स्टूल पुढे ओढलं आणि धरला.

मामा जिना चढून वर येईपर्यंत सोडला नाही.