बारा ग्रॅम

"सत्तर ग्रॅम!" मिनीने घडीचा चाकू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून आकडा वाचला आणि दादाने तो वहीत टिपला.

डोंगरावरच्या तीन दिवसांच्या सहलीसाठी पिशव्या भरणं चाललं होतं. प्रत्येक वस्तू तोलूनच आत जाईल, असा काकांचा हुकूम होता. पाठीवर ओझं नको म्हणून त्यांनी सगळ्यांच्या टूथब्रशांचे दांडेसुद्धा कापले होते!

"काका, दातही निम्मेच नेऊ या का?" मिनीने विचारलं.

चाकू मात्र झकास होता. कोपऱ्यावरच्या धारवाल्या आजोबांनी निवडून दिलेला. "बोटभर पातं पुरे. उघडलं की खटका बसतो, मग ते आपोआप मिटत नाही. याहून हलक्याच्या नादी लागू नका, पोरांनो," असं त्यांनी बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादा दोरी कापायला बसला आणि चाकू खाडकन त्याच्या बोटावर मिटला! तीन टाके पडले. दादाची सहल बुडाली.

काका तणतणत आजोबांच्या दुकानात गेले. मागोमाग दादा आणि मिनी.

"खटका सुटतोच कसा? असला माल पोरांना देता?"

गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"मी दोनदा तपासून दिला होता हो," आजोबा हळूच म्हणाले.

"खोटं! फसवलंत तुम्ही आम्हाला!" दादा ओरडला.

धार लावायला आलेली एक बाई आपली कात्री उचलून निघून गेली.

घरी आल्यावर मिनीने सवयीने चाकू काट्यावर ठेवला.

"दादा, अठ्ठावन्न!"

"काहीतरीच! काल सत्तर होता."

"मग बारा ग्रॅम गेले कुठे? पातं तर शाबूत आहे!"

दोघांनी भिंग आणलं. मुठीच्या स्क्रूंवर ताजे ओरखडे! आत डोकावलं, तर पात्यामागे अडकणारी पोलादी पट्टीच गायब. दादाचा चेहरा उतरला. मिनीने त्याला गप्प राहायची खूण केली आणि आईसमोरच काकांना गाठलं.

"काका, चाकू आणखी हलका करता येईल?"

"येईल काय, केलाय की!" काका खुलले. "आतली एक पट्टी उगाच होती. काल दुपारीच काढून..."

बोलता बोलता त्यांची नजर दादाच्या बांधलेल्या बोटावर गेली.

"भावजी!" आई एवढंच म्हणाली. मग तिने मिनीच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं डोकं चालवलंस गं!"

पट्टी घेऊन तिघं तडक दुकानात गेली. फडक्यावर दहाबारा चाकू सुटे करून मांडले होते. आजोबा एकेक खटका उजेडात धरून बघत होते.

"आजोबा, चूक माझी होती," काकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

आजोबांनी पट्टी निरखली. "वजनावरून शोधलंत? शाब्बास रे पोरांनो!"

"पण हे सगळे का उघडलेत?" मिनीने विचारलं.

"इतक्या वर्षांत माझा खटका कधी सुटला नव्हता. वाटलं, आता हात थकले. उद्यापासून दुकान बंदच करणार होतो."

दादाने 'माफ करा' म्हणायचं ठरवलं होतं. पण तो नुसता खाली बसला आणि बँडेज बांधलेल्या हाताने एकेक स्क्रू आजोबांना देऊ लागला.

"राहू दे रे, बोट दुखेल."

"दुखू दे," दादा म्हणाला.