बोटीवरून आलेलं पातेलं

बॅलार्ड पिअरला विलायती सहलीची बोट लागली की माधवच्या अंगात वेगळाच माणूस संचारायचा. एरवी ठाकूरद्वारच्या चाळीत त्याचा आवाज शेजारच्या खोलीतही जायचा नाही. पण बंदरावरच्या आरोग्य खात्याचा बिल्ला छातीवर लागला की भल्याभल्या मडमांना तो पिशव्या उघडायला लावायचा. नियम साधा होता. बोटीवरचं अन्न किनाऱ्यावर आणायचं नाही. शिजवलेलं नाही, कच्चं नाही, फळसुद्धा नाही. घारापुरीची लेणी बघायला निघालेले पाहुणे उकडलेली अंडी, सफरचंदं, चीज लावलेले पाव रुमालात गुंडाळून आणत आणि माधव ते सगळं चुन्याच्या पिंपात टाकी. एका म्हाताऱ्या मडमेच्या टोपीतून त्यानं कोंबडीची अख्खी तंगडी काढली होती. ही हकीकत तो घरी दर वेळी नवी असल्यासारखी सांगे.

छप्पन सालच्या फेब्रुवारीत मात्र घरात कुणाला हसू येत नव्हतं. जानेवारीत गिरगावात गोळीबार झाला, संचारबंदी लागली आणि त्याच दिवसांत त्याची आई, आनंदीबाई, तापानं पडली. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच उडाली. माधवची बायको कालिंदी करून करून दमली. आई घास तोंडात घेई आणि बशीत काढून ठेवी. मनगटं काडीसारखी झाली.

"आता माझ्या औषधाचं काम संपलं," डॉक्टर गॅलरीत येऊन म्हणाले. "पोटात अन्न गेलं तर राहतील. नाहीतर पंधरा दिवस."

वडील गेल्यावर आईनं चार घरी स्वयंपाक करून माधवला मॅट्रिक केलं होतं. जिनं उभा जन्म दुसऱ्यांना वाढलं, तिनं उपाशी मरावं, हे त्याला सहन होईना.

त्याच आठवड्यात हिवाळी सहलींची एक पांढरी बोट तीन दिवसांसाठी धक्क्याला लागली. कोलंबोपर्यंत जाऊन ती पुन्हा मुंबईला यायची होती, आणि त्यानंतरही एकदा. माधव नेहमीप्रमाणे तपासणीला वर गेला. खालच्या मजल्यावरच्या लांबलचक बोळाच्या टोकाला एका केबिनचं दार किलकिलं होतं.

"सायबा, ती खोली बंद आसा," बरोबरचा गोवेकर स्टुअर्ड इनास म्हणाला. "थंय कोण ना."

माधवनं दार ढकललं. गादीवर चादर नव्हती. टेबलावर कल्हईचं एक लहान पितळी पातेलं होतं, वर ताटली झाकलेली. त्यानं ती उचलली. आत गुरगुट्या भात होता, वर मेतकूट आणि तुपाची धार. तूप अजून विरघळत होतं.

"हे कोणी केलं?"

इनासनं वाकून पाहिलं. "आमच्या किचनांत असलें कांय करिनात, सायबा," तो म्हणाला आणि दोन पावलं मागं सरला.

खलाशांपैकी कुणी मराठी असेल, त्यानं गुपचूप शिजवून इथं लपवलं असेल, असा माधवनं हिशोब घातला आणि जप्त करायचा म्हणून भात घेऊन तो खाली उतरला. पिंपाशी आला तेव्हा झाकणाखालून वास आला. त्याला आईची मनगटं आठवली. बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा त्यानं ऑफिसच्या पिशवीत सरकारी कागदांखाली बोटीवरचं अन्न लपवलं. ट्राममध्ये तो ते मांडीवर धरून बसला. घरी पोचेपर्यंत पातेल्याचा चटका बसत होता.

आईनं सगळा भात खाल्ला. बोट फिरवून पातेल्याचा तळसुद्धा चाटला. कालिंदी पदर डोळ्यांना लावून मोरीत गेली.

"कोणी दिला रे?" आईनं विचारलं.

"कँटीनवाल्यानं."

"खोटं बोलू नकोस. ओळखीचा हात आहे हा." कोणाचा, ते तिनं सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसली आणि कालिंदीकडून तिनं नारळाच्या वड्या करवून घेतल्या. "भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं. घेऊन जा."

वाटेत वड्या स्वतःच खाव्यात आणि पातेलं कुठेतरी टाकून द्यावं असं माधवच्या मनात आलं होतं. पण आई बोलली होती, तिनं विचारलं असतं. त्यानं मुकाट्यानं पातेलं त्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं आणि मागं न बघता वर आला.

आई पुन्हा घरचं अन्न जेवू लागली. थोडं, पण जेवू लागली. महिन्याअखेरीस बोट परत आली तेव्हा केबिनमध्ये मोठं पातेलं होतं, दोन हातांनी उचलावं लागेल असं. आत साखरभात होता, केशराचा, लवंगा घातलेला. इनास या वेळी बोळाच्या तोंडाशीच थांबला होता. टाकून द्यावं असं माधवला वाटलं. पण भूक पुन्हा गेली तर? खाकी कापडात बांधून त्यानं ते धक्क्याबाहेर काढलं. पहारेकऱ्यानं सलाम केला. माधवचं गाठोडं कोण उघडणार?

दुपारच्या सुट्टीत तो ते घरी ठेवून आला. संध्याकाळी कामावरून परतला तर आई पदर खोचून गॅलरीतून येत होती. हातात रिकाम्या वाट्या. साखरभात तिनं तिन्ही मजल्यांवर वाटला होता, अगदी तळमजल्याच्या कुशाबा शिंप्यापर्यंत.

"आई, माझी नोकरी जाईल! हे अन्न आणायची बंदी आहे."

"एवढा मी एकटीनं खायचा? शेजाऱ्यांना वाटीभर दिल्याशिवाय घास उतरतो का?" ती म्हणाली. तिच्या गालांवर रंग आला होता. माधवचा राग कुठल्या कुठे पळाला. आई जगणार होती. बाकी सगळं त्यानं मनातून काढून टाकलं.

मार्चमध्ये बोट तिसऱ्यांदा लागली. त्याच दिवशी दुपारी चारला ती कायमची जायची होती. माधव निघताना आई एवढंच म्हणाली, "बोलावणं आलंय. वेळेवर ये."

केबिनमध्ये पातेलं नव्हतं. लाल गालिच्यावर पाट मांडला होता. पुढं केळीचं पान, पानाभोवती रांगोळी, डाव्या हाताला तांब्या-भांडं. पान पूर्ण वाढलेलं होतं आणि भातातून वाफ निघत होती.

माधवला भीती वाटली. स्वच्छ, साधी भीती. ती त्यानं नाकारली नाही. आईला न्यायला बघतायत, एवढं त्याला कळलं. कोण, ते कळलं नाही.

"आई येणार नाही," तो रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाला. "ती बरी झालीय. आमच्या घरचा मी आलोय. घरटी एक माणूस जेवला की मान राहिला."

त्यानं बूट काढले, बिल्ला खिशात ठेवला आणि पाटावर बसला. सबंध पान जेवला. इतकं सुग्रास तो आयुष्यात जेवला नव्हता. हात धुवायला उठला तेव्हा त्याचं अंग हलकं झालं होतं. फिटलं एकदाचं, असं त्याला वाटलं.

दोनच्या सुमारास तो चाळीत शिरला. आई ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. कालिंदीनं नथ घातली होती. चूल सारवलेली होती, थंड.

"स्वयंपाक?"

"सासूबाईंनी चूल पेटवू दिली नाही," कालिंदी म्हणाली.

"आई, मी जेवून आलो. आपल्या घराचं झालं. तू कुठंही जायचं नाहीस."

आईनं मायेनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "वेडा रे वेडा. घरटी एक कोण म्हणालं तुला? साखरभाताच्या तळाशी अक्षता होत्या. आमंत्रण चुलबंद आहे. अख्ख्या घराचं, लहानमोठं सगळं." मग जरा थांबून म्हणाली, "वाटीबरोबर मी अक्षताही दिल्या. ज्यांनी खाल्लं त्यांना सोडून कसं जायचं?"

माधव गॅलरीत आला.

चाळीत एकही स्टोव्ह वाजत नव्हता. हरताळ म्हणावा, तर रस्त्यावर ट्राम चालू होती, दुकानं उघडी होती. आणि हरताळातसुद्धा या चाळीतले स्टोव्ह कधी बंद नसत.

वरच्या मजल्यावरून माणसं उतरू लागली. धुतलेले कपडे, विंचरलेली डोकी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. कुशाबा शिंपी अंगणात टोपी नीट करत उभा होता. कडेवरची पोरं रडत नव्हती.

आडवं व्हावं, ओरडावं, आईचा हात धरावा असं माधवला वाटत होतं. त्यानं हात धरलाही. पण पाय आपोआप तिच्याबरोबर जिन्याकडे, धक्क्याच्या वाटेला वळले. तिनं त्याचा हात घट्ट धरला होता. तो लहान असताना धरायची, तसा.

जिन्याच्या तोंडाशी त्यानं एकदा मागं पाहिलं. बिऱ्हाडांमागून बिऱ्हाडं बाहेर पडत होती, आणि दाराला कुणीच कुलूप लावत नव्हतं.