हिरवं बटण

फोन मामाचा होता. मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले पैसे खात्यात नाहीत, एवढंच तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "सगळे सूनबाईचं नाव घेतायत. तू ये, बारकी."

बारकी म्हणजे मावशीची भाची. मावशीनेच तिला लहानाचं मोठं केलेलं. तिचं काम ऐकून लोक हसायचे. ती माणसांना वेगवेगळ्या बँकांच्या वेबसाइटसमोर बसवायची, पैसे पाठवायला सांगायची आणि ती कुठे अडकतात ते बघायची. मग कुठली साइट सोपी आणि कुठली डोक्याला ताप, ते लिहून द्यायची. याचा पगार मिळतो, हे मामाला अजूनही खरं वाटत नव्हतं.

घरात कुणी रडत नव्हतं. रडारड परवाच आटोपली होती म्हणे. मावशी पाय लांब करून खुर्चीत बसली होती. समोर टीव्ही चालू, आवाज बंद. वहिनी दाराशी स्टुलावर, शेजारी भरलेली बॅग. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं आणि राहा असंही म्हटलं नव्हतं. दादा, मावशीचा मुलगा, बायकोच्या हातात चहाचा कप देत होता. बिचारा दादा, असं बारकीच्या मनात आलं.

तिने एकेकाला विचारून घेतलं. पैसे एकदम गेले नव्हते. गेले चार महिने थोडे थोडे करून एका अनोळखी खात्यात जात होते. हॉस्पिटलने आगाऊ रक्कम मागितली तेव्हा मावशीला पत्ता लागला. बँक म्हणाली, पैसे वेबसाइटवरून, घरच्याच कॉम्प्युटरवरून गेलेत. ते खातं कुणाचं, हे पोलिसांत तक्रार झाल्याशिवाय सांगता येणार नाही. मावशीचा पासवर्ड म्हणजे मेलेल्या मांजरीचं नाव, ते घरात सगळ्यांना पाठ. तिचा फोन दिवसभर स्वयंपाकघरात पडलेला, त्यावर आलेला कोड कुणीही वाचावा.

तक्रार उद्या सकाळी होणार होती. तिच्यात वहिनीचं नाव जाणार होतं, कारण घरात ऑनलाइन काही करणारी ती एकटीच.

"ही वेबसाइट तू वापरतेस?" बारकीने विचारलं.

"नाही. फोनवरून विजेचं बिल भरते, तेवढंच," वहिनी म्हणाली. बसचा नंबर सांगावा तसा तिचा आवाज होता.

"आणि घरखर्च?"

"तो हे देतात. हल्ली यांना पगार रोख मिळतो."

"दादा, तू वापरतोस?"

"मी कधी उघडलेलीसुद्धा नाही. मला आपलं काउंटरच बरं."

मामाचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला होता. त्याने नुसतेच हात वर केले.

बारकीने लॅपटॉप काढला. ऑफिसचं काम अर्धवट राहिलंय, तीन माणसं हवीत, म्हणाली. पैसे खोटेच आहेत, तीन साइटवरून एका नव्या माणसाला पाठवून दाखवा. अशा वेळी हे काय भलतंच, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. पण तेवढंही त्राण कुणात नव्हतं. तिसरी साइट मावशीच्या बँकेची होती.

मामाने पहिल्या दोन कशाबशा उरकल्या. तिसरीवर मधोमध मोठं हिरवं बटण होतं, 'पैसे पाठवा'. त्याने ते दाबलं. 'आपले दुसरे खाते नाही', असं उत्तर आलं. त्याने परत दाबलं, परत तेच. "तुला विचारलंय का मी?" तो बटणावर खेकसला. वहिनीनेही हिरवंच दाबलं, उत्तर वाचलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

दादाने पहिल्या दोन साइटवर मोठं बटण बघितलं न बघितलं तोच दाबलं. तिसरीवर मात्र तो चाचपडला. मदतीचं पान उघडलं, नियम वाचले, खालीवर केलं, कपाळ खाजवलं. "छे, काही कळत नाही बुवा," म्हणत उठला.

बारकीने लॅपटॉप मिटला. मलाही काही कळलं नाही म्हणावं आणि घरी जावं, असं तिला फार वाटलं. तेवढ्यात तिला दाराशी ठेवलेली बॅग दिसली.

"दादा, ते हिरवं बटण फसवं आहे," ती म्हणाली. "त्याने फक्त आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात पैसे जातात. बाहेर पाठवायची सोय कोपऱ्यात लपवलीय. साइट पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण आधी हिरवंच दाबतो. बँकेच्या मॅनेजरनेसुद्धा दाबलं होतं."

"मला दिसलं नसेल."

"आधीच्या दोन्ही साइटवर लगेच दिसलं. इथलं सगळ्यात मोठं, आणि तू तिकडे फिरकलासुद्धा नाहीस. आधी फसून शहाणा झालेला माणूसच ते टाळतो. हरवल्याचं सोंग चांगलं केलंस, पण तू हरवलास तिथे कुणी हरवत नाही. कधी उघडलीच नाही म्हणालास ना?"

मग ती वहिनीकडे वळली.

"वहिनी, पगार रोख कधीपासून मिळतोय?"

"चार महिने," वहिनी म्हणाली, आणि मग हळूहळू तिने नवऱ्याकडे मान वळवली.

दादाने सगळं सांगितलं, खाली बघून. नोकरी तेव्हाच गेली होती. सकाळी डबा घेऊन निघायचा आणि बागेत बसायचा. आईचे पैसे मित्राच्या खात्यात टाकायचे, त्याने रोख आणून द्यायचे, पाकिटात घालून पगार म्हणून घरी आणायचे. नवी नोकरी लागली की परत भरणार होता.

"म्हणजे चार महिने आपण माझा गुडघाच खाल्ला," मावशी म्हणाली. कुणी हसलं नाही.

वहिनी उठली. हातातल्या चहावर साय धरली होती. तिने कप नवऱ्याच्या हातात दिला.

"परवापासून मी या दारात बसलेय," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला चहा आणून देत होतात."

तिने बॅग उचलली. मावशी म्हणाली, "अगं, थांब." वहिनी थांबली नाही. तिला अडवायला मावशीने खुर्चीच्या हातांवर जोर दिला, अर्धी उठली आणि परत खाली बसली. गुडघ्याने तिला उठू दिलं नाही.