आजोबांच्या आवाजाची किल्ली

"काय राव, केस गळताहेत? एकदा भृंगमोहिनी तेल लावून तर पाहा!" बसथांब्यावरचं जाहिरातयंत्र म्हणालं.

शाल्मली दचकली. तो आवाज तिच्या आजोबांचा होता. 'गळताहेत'मधला ळ जरा घोळवलेला, अगदी त्यांचाच. आणि आजोबांच्या डोक्यावर तर एकही केस नव्हता!

ती धावतच घरी आली. आजोबा ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) होते. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. पण त्याआधीच, पुढे यंत्रातून बोलता यावं म्हणून, एका कंपनीने तो ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. आता ते गळ्यातल्या डबीवर बोटांनी लिहीत आणि डबी त्यांच्या आवाजात बोले.

शाल्मलीकडून सगळं ऐकल्यावर त्यांनी डबी बंद केली. पाटीवर लिहिलं, 'बाजारात उभा केलेला आवाज मला नको. कंपनीला सगळा पुसायला सांगतो.'

शाल्मलीने चमकून डबीकडे पाहिलं. आवाज पुसला की डबी मुकी होणार.

"बाबा, थांबा," शाल्मलीची आई वृंदा म्हणाली. "शाल्मली, गावाला जाताना शेजारच्या काकूंना आपण किल्ली कशाला देतो?"

"झाडांना पाणी घालायला."

"आणि त्यांनी इथे बारसं उरकलं तर?"

"वा! किल्ली पाण्यापुरती होती!"

"संमतीचंही (समजून-उमजून दिलेल्या होकाराचंही) तसंच. ज्या कामासाठी दिली, तेवढ्यापुरतीच. आवाज ही बाबांची वैयक्तिक माहिती (ज्यावरून माणूस ओळखता येतो ती). डबीला हो आणि तेलाला नाही, असं सांगायचा हक्क अशी माहिती जपणाऱ्या नव्या कायद्यानेच दिलाय."

आजोबांनी डबी सुरू केली. "मग तेल आधी बंद करा. टकल्याच्या तोंडी शोभत नाही."

त्यांनी कंपनीला तसं कळवलं. काही दिवसांनी थांब्यावरचं यंत्र किनऱ्या आवाजात तेल विकू लागलं. कंपनीच्या उत्तराच्या शेवटी एक प्रश्न होता : 'आपल्या पश्चात या माहितीबद्दल कोण ठरवेल?'

"म्हणजे?" शाल्मलीने विचारलं.

"मी नसेन तेव्हा किल्ली कोणाकडे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी वृंदाचं नाव लिहिलं.

"मी काय करू त्या आवाजाचं, बाबा?"

"तुला वाटेल ते. फक्त तेल विकू नकोस."

आई हसली. मग तिने आजोबांच्या गळ्यातली डबी नीट सरळ केली.

"आणि आईनंतर मी?" शाल्मलीने हळूच विचारलं.

"आधी मोठी हो. हा कायदाही अजून तुझ्याएवढाच आहे," डबी म्हणाली. "दोघं मिळून वाढा."