मुलीकडची माणसं

देवीदासच्या सायकलचं हँडल माझ्या पिशवीत अडकलं आणि सगळी चिंच भिलाईच्या सेक्टर ६ च्या बाजारात लोकांच्या पायाशी सांडली. १९६५ ची थंडी होती ती. शेजारच्या अन्नपूर्णाअक्का त्याला तेलुगूत झाडत होत्या, तो मुकाट्याने चिंच वेचत होता, आणि मी हसू दाबत उभी. जाताना त्याने वळून पाहिलं. मग आणखी एकदा... आणि दुसऱ्या वेळी तो थेट भाजीच्या ठेल्यावर जाऊन आदळला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा तिथेच, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. माझ्यासमोर आला आणि शाळेत कविता म्हणावी तसा म्हणाला, "बागुन्नारा?"

मी पिशवी सावरली.

"मतलब... आप कैसी हैं? मिल में राव ने सिखाया. आगे का... भूल गया."

"इतकी तेलुगू शिकले, तं थोडी मराठीबी शिकून घ्या," मी म्हटलं.

तो पाहतच राहिला. "तुमी मराठी? मंग मी हफ्ताभर कावून घोकून राहिलो होतो?"

चूक त्याची नव्हती. माझ्या वेणीत अबोली, पदर अक्कांसारखा कमरेला खोचलेला. माझी आई साकोलीजवळच्या आमच्या गावात वारली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता. माझे बाबा, तेजराम, शेती भावाला देऊन भट्टीवर कामाला लागले आणि मला घेऊन इथे आले. शेजारच्या क्वार्टरमध्ये अक्का होत्या, राजमुंद्रीच्या. वेणी त्यांनी घातली, साडी त्यांनी नेसवली, भात किती शिजवायचा तेही त्यांनीच शिकवलं. आमच्या लोकांत गेले की बायका मला निरखून बघत, आणि मला वाटे, आपण कुणाच्याच नाही. हे दुखणं मी कुणाला सांगितलं नव्हतं. देवीदासला सांगितलं.

तो आमच्याच भागातला, पवनीचा, रोलिंग मिलमध्ये फिटर. पहिली पाळी सुटली की सायकल हातात धरून माझ्याबरोबर बाजारापासून आमच्या क्वार्टरच्या वळणापर्यंत चालायचा. लाल धूळ उडायची, मी पदर नाकाशी धरायची, आणि तो म्हणायचा, "हे बरं नाही. पाहायले जेवढं आहे तेवढंबी झाकून टाकते."

उन्हाळ्यात एकदा तो वळणाशी थांबला. "माझी माय तुले पाहायला येऊन राहिली. पुढच्या रविवारी."

"नका आणू त्यांना. मले आपलं काहीच येत नाही. ना सांडगे, ना लुगडं नेसणं, ना एखादं लग्नातलं गाणं. काय दाखवू त्यांना?"

"मले जे दाखवलं तेच."

"तुमाले काय, ठेल्यावर आदळता!" मी म्हटलं. पण त्या रात्री मला घास गेला नाही. नकार आलाच तर तो देवीदासकडून नव्हे, त्याच्या आईकडून येईल, असं सारखं वाटत होतं. आणि मला तो माणूस हवा होता, फार हवा होता.

रविवारी मी पेटीतून आईचं लुगडं काढलं. दोनदा नेसले, दोनदा कासोटा सुटला. शेवटी मला येत होती तशीच पाचवारी नेसून बाहेर आले.

देवीदासच्या आईनं, रुक्माबाईंनी, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आमच्यात लग्नाची खरी बोलणी बायकाच करतात, पुरुष नंतर माना डोलावतात. त्यामुळे बाबा बिचारे घडीघडी घसा खाकरत होते.

"पदर असा कोणं शिकवला तुले?" रुक्माबाईंनी विचारलं.

"शेजारच्या अक्कांनी. माय लहानपणीच गेली. सारं त्यांनीच केलं माझं. आपल्यातलं मले काही येत नाही, बाई. आताच सांगून ठेवते."

बाबांनी मान खाली घातली. देवीदास हलला नाही.

"मंग तिले बोलवा," रुक्माबाई म्हणाल्या.

"कोणाले?" बाबांनी विचारलं.

"हिच्या मायले. मुलीच्या मायशिवाय मी बोलणी करत नसते."

अक्का ओले हात पदराला पुसत आल्या. रुक्माबाईंनी सरकून त्यांना सतरंजीवर जागा दिली. अक्कांना मराठी येत नव्हती, पण काय चाललंय ते त्यांना लगेच कळलं. त्या ताठ बसल्या आणि देवीदासकडे वळल्या.

"हमारा लडकी बुखार में भी नहीं बोलता. काम करता रहता. माथे पे हाथ रख के देखना पडता. तुम देखेगा?"

"देखूंगा," तो म्हणाला.

"रोज?"

"रोज."

रुक्माबाई हसल्या. बाबांनी मान डोलावली. मी चहाचं निमित्त करून उठले आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकले. थोड्या वेळाने देवीदास दारात आला.

"रडून राहिली काय, मनकर्णा?"

"सिगडीचा धूर."

"सिगडी कुठं पेटली आहे?"

मग मी लपवलं नाही. "माय गेली तेव्हा मले रडायला भेटलंच नाही," मी म्हटलं. "घर माणसांनी भरलं होतं. वरण चुलीवर होतं... अन् ते पाहायला मीच होती."

माझ्या हातातलं भांडं त्याने काढून घेतलं, कोळसे रचले, माचिस शोधली.

"तू रड आरामात," तो म्हणाला. "चहा मी ठेवतो."